पंगत तिच्यासाठी थांबली

वडीगोद्रीच्या एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिचं नाव मी विचारलं नाही. पत्रावळीवर सगळं वाढून झालं, तसं तिनं पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं. समोरच्या आजी बोलल्याच, "अगं, चारचौघांत सुई? सासरी चालतं का हे?"

त्या तरुणीच्या पलीकडची बाई हसली. "सासर मीच हाय, मावशी. आधी मलाच भ्या वाटायचं. आता तिची सुई झाल्याबिगर मी घास घेत न्हाई."

माझ्या धाकट्या बहिणीलाही लहानपणापासून हाच मधुमेह होता. कुणी पाहू नये म्हणून ती घरीच सुई टोचून निघायची. एका लग्नात पंगत लांबली, साखर उतरली आणि ती मांडवातच कोसळली. पुढं ती कुठल्याच पंगतीला बसली नाही. गेल्या वर्षी ती गेली.

हिनं मात्र पत्रावळ नीट न्याहाळली, एक पोळी सासूच्या पानावर ठेवली, बुंदी राहू दिली. मला म्हणाली, "गोड सोडलं न्हाई मी, ताई. पोळी कमी करून हिशेब बराबर बसवलाय."

यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणायला पुढं आले. सासूनं हात वर केला. "थांबा जरा, सून तयार न्हाई."

अख्खी पंगत थांबली. तिनं दंडाला सुई घेतली, कुणापासून न लपवता, अगदी निवांत. मग मोकळ्या आवाजात म्हणाली, "हं, होऊ द्या आता!"

बहिणीच्याही वतीनं मान ताठ करून मी पहिला घास घेतला.