शेवट कोण इलो?

कुठलीही शर्यत असो, आमचे मेस्त पहिला कोण आला हे कधी विचारत नसत. होड्यांची असो, सायकलींची असो, नाही तर पंचायतीची निवडणूक असो, बातमी आणणाऱ्याला ते हातातले काम न थांबवता विचारत, "शेवट कोण इलो?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पोचलो मा?" पोचला असे कळले की "बरो आसा" म्हणत आणि पुन्हा इंजिनात डोके घालत.

मेस्त म्हणजे आमच्याकडचा मेस्त्री. रेडीला, खनिजाचे ट्रक बंदराकडे वळतात तिथे झावळ्यांच्या मांडवात त्यांचे गॅरेज होते. ट्रक, मासेमारीच्या होड्यांची मशिने, माझ्या शाळेचा पाण्याचा पंप, सगळे त्यांच्याच हातून दुरुस्त होई. मी तेव्हा तिथल्या हायस्कूलची मुख्याध्यापिका होते. गॅरेज म्हटले की मला ओंगळपणा डोळ्यांसमोर येई. पण मेस्तांची हत्यारांची फळी पाहून माझे मत बदलले. प्रत्येक पान्याभोवती निळ्या रंगाने त्याच्या आकाराची रेघ काढलेली. पाना जागेवर नसला की रिकामी रेघ दिसायची. "बाईनू, वस्तू हरवली काय आधी तिची जागा बोलता," ते म्हणाले. "ह्यां मी थंय शिकलंय." थंय म्हणजे युरोपात.

आपल्या स्वयंपाकघरात पळी, झारा, किसणी यांच्याभोवती तशाच निळ्या रेघा आहेत. लहानपणी तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलेत, तेव्हा ती कल्पना माझी असे मी सांगितले होते. ती मेस्तांची. हे खोटे लहान आहे, म्हणून ते आधी कबूल करते.

तरुणपणी मेस्त गोव्याहून बोटीवर फिटर म्हणून गेले. युरोपातल्या एका बंदरात त्यांची बोट दुरुस्तीसाठी अडकून पडली. त्याच शहराच्या रस्त्यांवर मोटारींची मोठी शर्यत, ग्रां प्री, होणार होती. त्या काळी कारखान्यांच्या गाड्यांबरोबर एखादा हौशी माणूसही स्वतःची गाडी घेऊन उतरत असे. तशा एका साहेबाचा मेकॅनिक आजारी पडला आणि आठ दिवसांसाठी आमचे मेस्त बदलीवर गेले. शर्यत भर पावसात झाली. शेवटच्या फेरीत, रेषा समोर दिसत असताना, साहेबाच्या गाडीचा गिअरबॉक्स मोडला.

"सायब खाली उतरलो आनि ढकलूक लागलो," मेस्त सांगत. "आमका गाडयेक हात लावूची बंदी. मी भिंतीर उभो, हात बांधून. लोकां घराक जावक लागली. सायब दमान मरूक टेकलो, पण सोडूक नाय. नववो इलो, बाईनू. नववो!"

मग ते पहिल्यापासून नवव्यापर्यंतची नावे एका दमात म्हणत, देवळात आपण आरती म्हणतो तशी. मला ती सगळी नावे ऐकून ऐकून पाठ झाली होती. विश्वास मात्र नव्हता.

दर जानेवारीत आमच्या शाळेच्या स्पर्धा समुद्राच्या वाळूत होत. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेवटी येणाऱ्याला मेस्त स्वतःकडून बक्षीस देत. ट्रकचा जुना पिस्टन वाळूने घासून घासून चकचकीत करायचा. उलटा धरला की त्याचा पेला होतो. अट एकच, रेषा ओलांडली पाहिजे. मुले त्या पेल्यासाठी इतकी वेडी झाली, की एका वर्षी दोन मुली रेषेच्या हातभर अलीकडे येऊन थांबल्याच.

"तू जा गो पुढे."

"नाय, तुका घाई आसा, तू जा."

"माझो पाय दुखता."

"माझे दोनय दुखतत!"

सगळा किनारा हसत होता. तालुक्याहून आलेले अधिकारी घड्याळाकडे बघत होते. मेस्त तर हसून हसून वाळूत बसले. मला मात्र राग आला होता. माझ्या शाळेची शिस्त हा माझा अभिमान होता आणि एका मेस्त्र्याने तिचा तमाशा केला, असे मला वाटले.

पुढच्या जानेवारीत मी तयारीनिशी गेले. ग्रंथालयासाठी मागवलेल्या खेळांच्या जाड इंग्रजी पुस्तकात मेस्तांची शर्यत मला सापडली होती. तेच शहर, तेच साल. बक्षीस समारंभात मेस्त पेला घेऊन उठले, तेव्हा मी माइकवरून त्यांना थांबवले. पुस्तक उघडून सर्वांना दाखवले आणि म्हणाले, "मेस्त, तुमची शर्यत यात आहे. तुमच्या साहेबांचे नाव नाही. मुलांसमोर खऱ्याचीच उदाहरणे ठेवावीत."

मागून कोणीतरी ओरडले, "मेस्तानू, तुमची गाडी खंय धावली? सावंतवाडीक?" हशा पिकला.

मेस्त हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाईनू, त्या पुस्तकात नावां कितकी?"

"सहा."

"आनि गाड्यो धावल्यो कितक्यो?"

"जे छापलेले नाही त्याबद्दल मी बोलत नाही," मी म्हणाले.

आता खरे लिहिते. छापलेले होते. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: फक्त पहिल्या सहांची नावे दिली आहेत. मी बारीक अक्षरेही वाचणारी बाई आहे. ती ओळ मी वाचली होती. आणि ती सहा नावे मेस्त म्हणत त्याच क्रमाने होती, एकही इकडची तिकडे नाही. हे मला माइक हातात घेण्याच्या आधीपासून ठाऊक होते.

मेस्तांनी पेला खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळला आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून गावात त्यांना "नववो" म्हणू लागले. शाळेचा पंप बिघडला की ते येत, दुरुस्त करत, आणि मला "बाईनू" न म्हणता "मॅडम" म्हणत. शेवट कोण आला हे त्यांनी पुन्हा कोणाला विचारल्याचे मी ऐकले नाही. मी आणखी अनेक वर्षे त्या शाळेत होते. दर जानेवारीत माइक माझ्याच हातात असे. एक वाक्य बोलायचे होते. मी ते बोलले नाही. मग मी निवृत्त झाले, शिरोड्याला राहायला आले, आणि एके दिवशी मेस्त गेल्याचे कळले. अंत्यविधीला चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले आणि कोणाशी न बोलता परतले.

गेल्या वर्षी मी निहारला सहज वाटावे अशा रीतीने त्या शर्यतीचा पूर्ण निकाल शोधायला सांगितला होता. निहार, तू तो अर्ध्या तासात पाठवलास आणि विचारलेस, "आजी, तुला मोटारींची आवड कधीपासून?" तेव्हा न दिलेले उत्तर ते हे. नवव्या ओळीवर साहेबाचे नाव होते. पुढे शेरा होता: गाडी ढकलत रेषा ओलांडली.

तो निकाल कागदावर छापून घेऊन मी रेडीला मेस्तांच्या पत्नीकडे, रोझीबायकडे गेले. त्या ओसरीवर ब्लाउजला बटणे लावत होत्या. मी नऊच्या नऊ नावे वाचून दाखवली. त्यांनी सुई खाली ठेवली.

"ह्यां माका कित्याक सांगतास, बाई? माका म्हायत होता." मग शाळेच्या दिशेने हात केला. "सांगूचा होता तर थंय सांगूचा."

मी उठले तेव्हा त्यांनी बटणांचा पेला मांडीवर रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. तोच पेला होता. "हो पेलो घेवन जावा. तुमच्यासाठी नाय. जो कोण शेवट येयत तेका."

या जानेवारीत मी हट्टाने शाळेत बोलण्याची वेळ मागून घेतली. पूर्ण निकाल वाचला, ती बारीक अक्षरांतली ओळही सांगितली, आणि ती मी लपवली होती हेही सांगितले. मुले भेळ खात होती. तरुण शिक्षक सभ्यपणे टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी हसलेल्यांपैकी फार थोडे आता उरले आहेत, आणि ज्यांनी ऐकायला हवे होते ते नव्हते. लाज हलकी होईल असे मला वाटले होते. झाली नाही.

लांब पल्ल्याची शर्यत संपली तेव्हा पाहुणे उठून चहाला गेले. मी रेषेपाशी उभी राहिले. दूर, ओल्या वाळूत एक मुलगी अजून येत होती. थोडे चालत, थोडे धावत. तिला वेळ लागला. तिने रेषा ओलांडली, गुडघ्यांवर हात टेकले, आणि मी पेला पुढे केला तेव्हा धापा टाकत विचारले, "आजी, पयली कोण इली?"

मला ते सांगता आले नाही. मी पाहिलेच नव्हते.