शिरोरेघ

पुलगावात सीएनसी मशीनवर लाकूड कापून देणारे एक काका आहेत. कुणाचंही डिझाइन आलं की ते आधी पेनाचं टोपण स्क्रीनवरच्या प्रत्येक रेषेवरून सावकाश फिरवतात. स्क्रीनवर त्याचे ओरखडे पडलेत.

बाबांच्या निवृत्तीसाठी मी त्यांच्या नावाची, सगळी अक्षरं एकाच तुकड्यात कापलेली पाटी करायला घेतली. हे माझं पहिलंच डिझाइन. सोबत सागवानी फळी नेली होती. ज्या बंगईवर झुलत बाबा पेपर तपासायचे, तिची. दुसरी मिळणार नव्हती.

काकांचं टोपण शिरोरेघेवर थांबलं.

"ताई, हे अक्षरं सुटे आहेत."

"जोडलेली दिसतायत की," मी पुटपुटले.

"तुमाले दिसते. मशीनले नाई दिसत."

त्यांनी माझं डिझाइन आधी पुठ्ठ्यावर कापलं आणि बाबांच्या नावाची पाच सुटी अक्षरं माझ्या हातावर ठेवली. मग स्वतः दुरुस्त न करता खुर्ची सोडून उठले.

"जोडा आता. मी आहो इथंच."

मला तासभर लागला. ते मशीन पुसत राहिले.

फळी कापून झाल्यावर त्यांनी पहिलं अक्षर चिमटीत धरलं, अख्खं नाव उचललं आणि जोरात हलवलं. मी खाली ओंजळ धरली.

काहीच पडलं नाही.