सयाजीची झोपायची पिशवी

सयाजी सरनाईक राहायचा शिवाजी पेठेत आणि त्याचं ताडपत्रीचं दुकान होतं लक्ष्मीपुरीत. वीस वर्षांत त्यानं काय काय झाकलं नव्हतं? उसाच्या ट्रॉल्या, गुळाच्या ढेपा, लग्नाचे मांडव, आणि एका पुरात शेजाऱ्याच्या तीन म्हशीसुद्धा. उघडी वस्तू दिसली की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. कुणाच्या गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या दिसल्या तरी हा खालून ओरडायचा, "वैनी, आभाळ बघा की जरा!"

अशा माणसाची एकुलती एक लेक, अकरा वर्षांची राजनंदिनी, मे महिन्यात सात दिवसांच्या शिबिराला निघाली. आंबा घाटाच्या जंगलात, तंबूत राहायला.

काय काय आणायचं त्याची यादी शिबिरवाल्यांनी मोबाइलवर पाठवली होती. टोपी, बॅटरी, ताट-वाटी, दोन जोड कपडे असं सरळ होतं सगळं. सातव्या ओळीला सयाजी अडकला. 'स्लीपिंग बॅग. नसल्यास चादर.'

"चादर देऊ की," संयोगिता म्हणाली. ती त्याची बायको, एका हायस्कुलात लेखनिक होती आणि सरकारी परिपत्रकं वाचून वाचून तिला शब्दाबाहेर जायची सवय राहिली नव्हती. "नसल्यास चादर, असं लिहिलंय त्यांनी."

"नसल्यास! पण आपल्याकडं का नसावी? ताडपत्रीवाल्याची पोरगी हाय ती!"

तो बाजारात जाऊन तयार पिशव्या बघून आला. एका पिशवीचं कापड चिमटीत धरून दुकानदाराला म्हणाला, "ह्येच्यातनं डास हसत हसत आत जाईल." आणि घरी न येता तडक गुंडू शिंप्याकडं गेला.

गुंडू शिंपी ट्रकची हुडं आणि ट्रॅक्टरची झाकणं शिवायचा. त्याच्या मशिनीखालून माणसाचं कापड कधी गेलंच नव्हतं. सयाजीनं दुकानातली सगळ्यात जाड ताडपत्री त्याच्यापुढं टाकली, आतून लावायला घोंगडी दिली आणि पायापासून गळ्यापर्यंत मोठी चेन बसवायला सांगितली. वाढत्या अंगाची म्हणून साडेसहा फूट लांबी सांगितली. गुंडूनं 'कुणासाठी' असं विचारलं नाही. माल मोठा दिसतोय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पिशवी घरी आली. जमिनीवर आडवी ठेवली तरी तिच्या बाजू कडक उभ्या राहत होत्या.

"पप्पा, मी ह्येच्यात झोपणार न्हाय," राजनंदिनी म्हणाली.

"आधी मी झोपून दावतो, मग बोल."

अंगणात सतरंजी टाकून सयाजी पिशवीत शिरला. उमेदीच्या काळात तो तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. अंग तेव्हाचंच होतं, फक्त त्यात वीस वर्षांची भर पडली होती. राजनंदिनीनं गुडघा टेकवून, जोर लावून चेन वर ओढली. चेन गळ्यापर्यंत आली आणि ती ओढायच्या रनरची दांडी तुटून पोरीच्या हातात राहिली.

"पप्पा, आतनं उघड की."

सयाजीनं आतून चाचपडून बघितलं. आत रनर नव्हताच. गुंडूला लगेच फोन लावला, पोरीनं तो बापाच्या कानाला धरला. गुंडू शांतपणे म्हणाला, "आतनं कशाला ठेवीन मी? मालाला भाईर यायचं असतंय व्हय कधी?"

राजनंदिनीनं कात्री आणली. ती बघताच सयाजी असा ओरडला की कौलावरची कबुतरं उडाली. "कापायची न्हाय! पहिल्या नंबरचा माल हाय ह्यो! पिराजीला बोलीव. मला गुंडूकडं न्या."

पिराजी म्हणजे तालमीचा वस्ताद; फुटबॉलचा संघही तोच सांभाळायचा. तो माणसं गोळा करून येईपर्यंत बाप-लेक दोघंच होते. ऊन चढलं होतं. राजनंदिनी उशाशी बसून जुन्या पुठ्ठ्यानं वारा घालू लागली. सयाजीला हलता येत नव्हतं, तोंड फिरवता येत नव्हतं, दुकानाला उशीर होतोय म्हणून उठून जाताही येत नव्हतं.

"नंदे, भ्या वाटतंय व्हय गं तिथं जायला?"

"मी न्हाय भीत. तूच भितोयस."

सयाजीनं आभाळाकडं बघितलं. मग म्हणाला, "पंधरा वर्षांचा हुतो. मिरजेला मॅच हुती, धर्मशाळेत मुक्काम. सगळी पोरं घोरायली आणि मी एकटा जागा. पहाटंच्या पयल्या एस्टीनं पळून आलो. दुसऱ्या दिवशी गोलात कुणीतरी दुसरंच हुतं. सहा गोल खाल्लं."

"कुणाला सांगितलं न्हाईस?"

"पोट बिघडलं म्हून सांगितलं. पिराजीला आजून तेच खरं वाटतंय."

राजनंदिनीनं वारा घालायचं थांबवलं नाही. फक्त पुठ्ठा जरा त्याच्या कपाळाच्या जवळ आणला.

पिराजी तिघांना घेऊन आला. टेम्पोच्या नादाला लागण्यापेक्षा दोन गल्ल्या खांद्यावर नेऊ, असं ठरलं. शिडी आणली. सयाजीला शिडीवर ठेवलं आणि घसरू नये म्हणून दोन जागी दोरानं बांधलं. "पक्की गाठ मारा रं," असं तोही आतून सांगत होता. ऊन तोंडावर येतंय म्हणून पिराजीनं आपला पांढरा पंचा त्याच्या तोंडावर टाकला. बापाला तहान लागेल म्हणून राजनंदिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं चालू लागली.

आता पुढं तांब्या घेतलेलं लेकरू, मागं चार खांदेकरी आणि त्यांच्यावर बांधलेला लांबट ऐवज. बघणाऱ्यानं काय समजावं?

समोरच्या माडीवर सयाजीची चुलत आत्या चिमणाबाई दाळ निवडत होती. तिनं खाली बघितलं, सूप फेकलं आणि असा हंबरडा फोडला की गल्लीचा दुसरा कोपरा जागा झाला. "आरं माझ्या सयाजी! काल तर माझ्या दाळीवर ताडपत्री टाकून गेलास रं!"

पंच्याखालून सयाजी ओरडला, "आत्ये, मी हाय!" पण जाड पंचा आणि आत्याचा आवाज, यापुढं त्याचं काय चालणार? सायकलच्या दुकानदारानं शटर अर्ध्यावर ओढलं. मोटरसायकलवरून चाललेला एक जण गाडी बाजूला लावून, चप्पल काढून मागं आला. कुणीतरी हार आणला. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत साठ माणसं झाली होती. सगळी खाली मान घालून चाललेली. "लई झाकून ठेवणारा माणूस हुता," असं मागं कुणीतरी हळूच म्हणालं, आणि त्याला चौघांनी माना डोलावल्या.

कुरुंदवाडहून ताडपत्री न्यायला आलेला एक शेतकरी, दुकान बंद दिसलं म्हणून घर शोधत आला होता. त्यानं पिराजीला विचारलं, "काय वो पावणं, कोण गेलं?"

वाऱ्यानं पंचा उडाला तो नेमका तेव्हाच. सयाजी म्हणाला, "कोण न्हाय गेलं! मी चाललोय चेन दुरुस्तीला!"

शेतकरी दोन पावलं मागं सरकला, पण घाबरला नाही. म्हणाला, "मग दुकान कवा उघडताय?"

"दुपारी या."

गर्दीला हे पटायला वेळ लागला. ज्यांनी चपला काढल्या होत्या त्यांना राग आला. हारवाला तर म्हणाला, आणलाय तर घालूनच जातो, आणि त्यानं तो घातलाच. तेवढ्यात सुट्टीतलं अर्ध्या दिवसाचं काम उरकून शाळेतून परतणारी संयोगिता स्कूटरवरून समोर आली. तिनं शिडी बघितली, हार बघितला, तांब्या बघितला. गाडी स्टँडला लावून ती नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकली.

"पाणी प्यालासा का?"

"दोनदा."

"बरं." आणि ती राजनंदिनीच्या शेजारून चालू लागली.

गुंडूनं पक्कड घेतली, रनर चिमटीत धरला आणि खर्रकन चेन उघडली. अर्धं मिनिटही लागलं नाही. "घरात पक्कड नव्हती व्हय?" त्यानं विचारलं. दोन होत्या. सयाजी पिशवीतून बाहेर आला तेव्हा उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा झाला होता. गुंडूच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं तांब्या डोक्यावर उपडा केला, चेहरा पुसला आणि पिराजीला जवळ बोलावून म्हणाला, "वस्ताद, मिरजेला माझं पोट बिघडलं नव्हतं."

पिराजीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. "पंचवीस वर्षं झाली की रं," तो म्हणाला, आणि पंचा खांद्यावर टाकून निघून गेला. संध्याकाळी मात्र पोरीला खाऊ म्हणून राजगिऱ्याचे लाडू देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी एक सॅक आणि एक सोलापुरी चादर घेऊन बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं हात केला आणि लगेच शेजारच्या पोरीशी बोलायला लागली. सयाजी बसच्या टपाकडं बघत होता. टपावरचं सामान उघडंच होतं. त्यानं एकदा आभाळाकडं बघितलं आणि नुसता हात हलवला.

शिबिरात मोबाइलला बंदी होती. चौथ्या दिवशी मात्र प्रत्येकाला घरी एक फोन करायची मुभा मिळाली. सयाजीनं पहिल्या घंटेलाच उचलला. राजनंदिनीनं एका दमात सांगितलं की आज धनेश पक्षी बघितला, चोच एवढी मोठी, आणि ओढ्यात पाय घातला तर मासे येऊन टोचतात.

"झोप लागती का, नंदे?"

"पयल्या रातीला न्हाय लागली. मग लागली. पप्पा, ठेवतो मी, जेवणाची घंटा झाली."

फोन बंद झाल्यावरही सयाजी तो कानाला लावून उभा होता. मग त्यानं स्वयंपाकघरात जाऊन संयोगिताला सगळं अगदी पहिल्यापासून सांगितलं: पक्षी, चोच, मासे, पहिली रात्र. संयोगितानं भाकरी थापता थापता सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "व्हय?" असंही विचारलं. गडबडीत फोन स्पीकरवर लागला होता आणि तिला सगळं स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं, हे ती काही बोलली नाही.