जमदग्नी मॅडमचा सुखाचा तास

आमच्या मॅडम सुखाचं शास्त्र शिकवायच्या आणि वर्गात आल्यापासून जाईपर्यंत चिडलेल्या असायच्या. सांगलीच्या कॉलेजात एम.ए.ला मानसशास्त्र घेतलेले आम्ही जेमतेम नऊ जण. पहिल्याच आठवड्यात आम्ही त्यांचं नाव पाडलं, जमदग्नी. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं शास्त्र, अशीच घरोघरी समजूत. लोणंदला आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारलंही होतं, "एवढं शिकून वेड्यांच्या इस्पितळात जायचं व्हय गं?" मॅडम म्हणायच्या, माणूस कशानं मोडतो हे पुष्कळ शोधून झालं, तो कशानं धड राहतो हेही शोधायला हवं. अभ्यासक्रमात हा भाग अर्ध्या पानाचा होता. मॅडम तो तीन महिने शिकवत.

एकदा कुणीतरी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहून ठेवलं, 'नेहमी हसत राहा'. मॅडमनी डस्टर टेबलावर असं आपटलं की खडूचा धुरळा उडाला. "उसाच्या फडात दिवसभर वाकलेल्या बाईला हे वाचून दाखवा. ती हसली तर मी पुसणार नाही." मग स्वतःच पुसलं आणि तास घेतला.

गुळमुळीत बोलणं त्यांना खपत नसे. "मॅडम, तसं बघायला गेलं तर..." असं म्हणून कुणी घुटमळलं की लगेच यायचं, "वाक्य पूर्ण करा." चूक बोललेलं चालायचं, अर्धवट बोललेलं नाही. त्या शिराळ्याकडच्या. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासूनचं बौद्ध घर, आणि त्या घरातल्या पहिल्या पदवीधर. लोक आपल्याविषयी अर्धी वाक्यं बोलून थांबतात, याचा अनुभव त्यांना लहानपणीच आला असावा. त्याची सवय त्यांनी होऊ दिली नाही, एवढंच.

दुसऱ्या वर्षी आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावात पाहणीला गेलो. घराआड एक माणूस सैन्यात. त्यांच्या बायकांचं समाधान मोजायचं होतं. छापील प्रश्न इंग्रजीतून आणलेले. 'आपण आपल्या जीवनाविषयी कितपत समाधानी आहात?' शालन नावाची एक बाई म्हशीला वैरण टाकत होती. ती हसून म्हणाली, "आवं मॅडम, ते आमच्या सासूला इचारा. आमच्या घरात समदं तिलाच इचारत्यात." मॅडम स्वतःवरच भडकल्या. एसटीच्या थांब्यावर बसून त्यांनी सगळे प्रश्न खोडले आणि नवे लिहिले. पुढच्या खेपेला शालनला त्यांनी विचारलं, "शेवटचं पोटभर, गरम, बसून कधी जेवलीस?" शालन पदर खोचून उंबऱ्यावर बसली. मग जे बोलू लागली ते लिहायला मला कागद पुरेना. शेवटी म्हणाली, "ह्यातलं गावात कळाय नगं, मॅडम. लय महागात पडंल." मॅडम म्हणाल्या, "हे कागद आमच्याबाहेर जाणार नाहीत."

कागदांवर नावं नव्हती, घरक्रमांक होते. गठ्ठा माझ्या होस्टेलच्या ट्रंकेत होता.

त्या गावचा पुढारी आमच्या संस्थेच्या मंडळावर होता. त्याला 'सुखी गाव' म्हणून समारंभ करायचा होता आणि त्यासाठी कॉलेजचा अहवाल हवा होता. गावातल्या बायका सुखी नाहीत, असा मॅडमनी दिलेला अहवाल वाचून तो खवळला. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज गोड होता. "मूळ कागद आण. तपासायचेत. तुझं प्रॅक्टिकलही आमच्याकडंच आहे, नाही का?" मी गेले आणि गठ्ठा आणून दिला. कुणी हात पिरगाळला नव्हता. चालत गेले, चालत आले.

आठ दिवसांत त्या पुढाऱ्यानं देवळासमोर बायकांची उत्तरं वाचून दाखवली, घरक्रमांकासकट.

मॅडमना कळलं तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं, आता डस्टर माझ्या कपाळावर. त्या म्हणाल्या, "भ्यालीस, ते कळलं. पण ते कागद तुझे नव्हते. आणि घरक्रमांक मी घातले, ती चूक माझी. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं." आम्ही घर न् घर फिरलो. काहींनी दार उघडलं नाही. शालनचा गाल सुजलेला होता. मॅडमनी हात जोडले, मीही जोडले. शालन म्हणाली, "मागितलीसा माफी. आता जावा."

सांगलीत उतरल्या त्या थेट केबिनमध्ये. मी दारात उभी होते. प्रमुख म्हणाले, "एवढं तापायला काय झालं? तुम्हा लोकांना ना, सगळीकडं..."

"वाक्य पूर्ण करा, सर."

ते पेपरवेट फिरवत राहिले.

"तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला? सगळीकडं काय? मी थांबलेय."

त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. पुढच्या जूनमध्ये मॅडमना तासच दिले नाहीत. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावं लागत नाही, नुसतं बोलवायचं नाही की झालं. आम्ही नऊ जणांनी अर्ज करायचं ठरवलं. सही तिघांनी केली. तेवढ्या वेळी मी केली. मॅडम विट्याला एका शाळेत गेल्या आणि सातवीच्या पोरांना भूगोल शिकवू लागल्या.

आता मीही कॉलेजात शिकवते. सुखाचा तो अर्ध्या पानाचा भाग आता आख्खा पेपर झालाय. पुस्तकांवर हसरे चेहरे असतात. कृतज्ञतेची वही लिहा, श्वास मोजा, सगळं ठीक होईल. निवृत्त झालेले आमचे प्रमुख गावोगावी आनंदी जीवनावर व्याख्यानं देतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मला ते ऐकवत नाही. शालनला कुठला श्वास मोजायला सांगणार?

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. सांगलीच्या कॉलेजात शोकसभा झाली. ज्यांनी त्यांना एक तास दिला नाही, त्यांनी दोन मिनिटं शांतता दिली. मग प्रमुख उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई अत्यंत हसतमुख होत्या. कधी कुणाशी वाकडं नाही. सदैव समाधानी."

मी उभी राहिले. बोलायचं ठरवलं नव्हतं. "खोटं आहे, सर," मी म्हटलं. "त्या रागीट होत्या. त्यांना राग कुणाचा आला आणि का आला, ते मी सांगते."

सभेत चुळबुळ झाली. कुणीतरी माझा पदर ओढला. मी बसले नाही. फौजी गावातलं सगळं सांगितलं, आणि सुरुवात ट्रंक उघडणाऱ्या मुलीपासून, म्हणजे माझ्यापासून केली.