गुरुवारच्या बागवानबाई

कुणाच्या घरून पलंग परत आणायला जाताना बागवानबाई पलंगाचं नाव काढत नसत. दाराशी चपला काढायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, आत जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, "जेवताय ना वेळेवर?" समोरचा माणूस मग बोलायला लागायचा. कुणी रडायचं, कुणी डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडायचं, कुणी नुसतंच पंख्याकडे बघत बसायचं. बाई ऐकून घ्यायच्या, उठायच्या, आणि आम्ही रिकामा टेम्पो घेऊन परत यायचो.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, विसरल्या. जिन्यातच म्हटलं, "बाई, पलंग राहिला की!"

"राहू द्या, बालाजीराव. त्याला चाकं आहेत, पाय नाहीत. पळून जात नाही."

"मग आपण आलो कशाला?"

"माणसाला भेटायला. ज्या घरातून माणूस गेलंय तिथून आठवड्याच्या आत पलंग ओढून काढला, तर त्या घरात दोनदा मयत होते."

पलंग म्हणजे दवाखान्यात असतो तो. पायथ्याचं हँडल फिरवलं की पाठ वर येते. आमच्या क्लबाचं नारायण पेठेत रुग्णसाहित्य केंद्र आहे. एका छोट्या सभागृहाच्या मागे अंगण आणि अंगणाला लागून दोन खोल्या. त्यात पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या. घरी कुणी आजारी असेल त्यानं न्यावं, गरज संपली की आणून द्यावं. गरज दोनच तऱ्हांनी संपते. माणूस गेला असेल तर बाई वाट बघायच्या. माणूस बरा झाला असेल आणि तरी वस्तू माळ्यावर पडून असेल, तर मात्र दयामाया नव्हती. फोन लावायच्या, "आजोबा चालायला लागले म्हणे? वा, वा! मग वॉकर घेऊन चालतच या."

बाईंचं मंडईत फळांचं दुकान. तीन पिढ्यांचं. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं, मुलं हाताशी आल्यावर गादी त्यांच्याकडे दिली आणि रोज सकाळी जाऊन त्यांच्या चुका काढायचं काम स्वतःकडे ठेवलं. बोलणं अस्सल पेठेतलं. एकदा क्लबात आलेल्या एका पाहुण्यांनी कौतुकानं म्हटलं, "बागवानबाई, तुमचं मराठी किती छान आहे हो!" बाई म्हणाल्या, "तुमचंही बरं आहे की." त्या पाहुण्यांनी पुढं भाषण फार लवकर आटोपलं.

मी उदगीरकडचा. आठवीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि माझी शाळा तिथंच थांबली. ते गेल्यावर गावातल्या एकाबरोबर पुण्याला आलो, मंडईत हमाली केली, मग हप्त्यावर टेम्पो घेतला. पुण्यात मला सगळ्याची धास्ती वाटायची. सिग्नलची, पोलिसाची, लोकांच्या घरची बेल वाजवायची, आणि बेल वाजवल्यावर आतून येणाऱ्या "कोण आहे?" ची तर फारच. बाईंच्या दुकानाचा माल मी आणायचो. एका दुपारी संत्र्यांचे क्रेट उतरवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "टेम्पो जरा धुऊन घ्या. आता फळं नाहीत, पलंग न्यायचाय."

असा मी त्या केंद्रात पहिल्यांदा गेलो. कोपऱ्यात एक फुगे फुगे असलेली गादी भिंतीला टेकवून ठेवली होती. मी विचारलं, हे काय?

"हवेची गादी. पडून राहणाऱ्या माणसाची पाठ सोलवटू नये म्हणून."

मी तिला हात लावून बघितला. माझे वडील अख्खा उन्हाळा बाजेवर पडून होते. पाठीला जखमा झाल्या होत्या. आई कडुलिंबाचा पाला वाटून लावायची आणि वडील ओरडायचे ते शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. अशी गादी जगात असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. का कोण जाणे, मी हे सगळं बाईंना तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी "अरेरे" म्हटलं नाही. पलंगाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "उचला तिकडनं. कंबरेतून नाही, गुडघ्यातून वाका. आणि येत्या गुरुवारी सहाला या."

गुरुवारी संध्याकाळी सहाला क्लबाची साप्ताहिक सभा. हॉलमध्ये चार माणसं असोत नाही तर चाळीस, सहाला बाई टेबलावरची घंटा वाजवायच्या. कुणी सव्वासहाला शिरलं तर, "या, या. पुढच्या गुरुवारसाठी फारच लवकर आलात." प्रार्थना, मागच्या सभेचा वृत्तांत, पाहुण्यांचं भाषण, चहा. आणि चहानंतर बाईंचा स्वतःचा नियम: त्या आठवड्यात परत आलेलं सामान सगळ्यांनी मिळून अंगणात धुवायचं. गडी लावायचा नाही. डॉक्टर, वकील, बँकेतले मॅनेजर पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून ब्रश घेऊन बसायचे. कुणी वरवर पाणी मारलं की बाई मागून म्हणायच्या, "साबण लावा, साहेब. मागच्या घरचं दुःख पुढच्या घरी पाठवायचं नसतं."

क्लबात मंडळी चांगली होती, पण फोटोची हौस दांडगी. एकदा एका आजोबांना व्हीलचेअर द्यायची होती. सभासद पुढं सरसावले, बॅनर उलगडला आणि तो नेमका आजोबांच्या तोंडासमोर आला. फोटोवाला म्हणाला, जरा वर धरा, खाली धरा. बाई शांतपणे म्हणाल्या, "बॅनर छान वाचता येतोय. आजोबांची तेवढी अडचण होतेय, त्यांना बाजूला करा म्हणजे फोटो पूर्ण येईल." त्यानंतर केंद्रात बॅनर कधी आला नाही.

मला सभासद करून घ्यायचं त्यांनीच सुचवलं. कुणीतरी दबकत विचारलं, यांचं शिक्षण किती? "आठवी," बाई म्हणाल्या. "मी बी. कॉम. आहे, पण आठवीनंतरचं सगळं विसरलेय. म्हणजे आम्ही एकाच वर्गातले." नव्या सभासदानं उभं राहून ओळख करून द्यायची पद्धत होती. मी उभा राहिलो, नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि खाली बसलो. त्यानंतर कितीतरी गुरुवार मी त्या हॉलमध्ये तोंड उघडलं नाही. पलंग उचलायला मी होतो, बोलायला बाई होत्या. माझं त्यात बरं चाललं होतं.

मग देशमाने साहेब अध्यक्ष झाले. हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. माणूस वाईट नव्हता. दर गुरुवारी त्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन यायचे, तोवर सभा अर्धी झालेली असायची. त्यांनी एके दिवशी ठराव मांडला: केंद्र बंद करावं, सामान एखाद्या हॉस्पिटलला देऊन टाकावं, आणि सभा आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा घ्यावी. सभासदांची वयं झाली, कुणाची पाठ धरते, कुणाचे गुडघे. पलंग वेळेवर परत येत नाहीत. "त्या लेल्यांकडचाच बघा," ते म्हणाले. "त्यांच्या मिसेस जाऊन किती महिने झाले! आणि बाई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुमच्यानंतर हे करणार कोण?"

बाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी मत घ्या."

केंद्र बंद झालं असतं तर मी पुन्हा फक्त फळं वाहणारा झालो असतो, पण ते सोडा. कुठंतरी कुणीतरी माझ्या वडलांसारखं ओरडत पडलं असतं आणि गादी कुणाच्या तरी गोदामात धूळ खात पडली असती. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात जाऊन मी विचारलं, "बाई, आता काय करायचं?"

"आता लेल्यांकडे जायचं."

मला हायसं वाटलं. लेल्यांचा पलंग गुरुवारच्या आत आला की देशमाने साहेबांचा निम्मा मुद्दा गळाला असता.

लेलेकाका नारायण पेठेतच राहायचे. निवृत्त कारकून, एकटे. आत गेलो तर पलंग खिडकीशी. चादर ताठ घातलेली, उशीवर काकूंचा चष्मा. काकांचं अंथरूण खाली, पलंगाला लागून. बाईंनी नेहमीसारखे पेरू पुढे केले, जेवणाचं विचारलं. काका तुटक बोलत होते. मधेच म्हणाले, "रात्री हँडल फिरवून पाठ वर करून ठेवतो. तिला आडवं पडलं की खोकला यायचा." एवढं बोलून ते दुसरीकडे बघायला लागले. मी बाईंकडे बघितलं, आता विचारतील. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "येते हं."

खाली आल्यावर माझा तोल गेला. "बाई, आज तरी मागायचा होता! गुरुवारी काय सांगणार तुम्ही?"

बाई टेम्पोच्या दारापाशी थांबल्या. "केंद्र वाचवण्यासाठी त्या माणसाचा आधार काढायचा, तर केंद्र वाचवायचं कशासाठी? चला. रस्त्यात उभे आहात, ट्रॅफिकवाला मामा येईल."

गुरुवारी हॉल भरला होता. देशमाने साहेबही वेळेवर. त्यांनी विचारलं, "लेल्यांचा पलंग आला?"

"नाही."

"मागितलात?"

"नाही."

हॉलमध्ये हसू उमटलं. साहेब हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तुमच्यानंतर कोण?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एकदाही नाही. त्यांनी बघितलं असतं तर मी बहुतेक मान खाली घातली असती. मी वाट बघत होतो, कुणी डॉक्टर उठतील, वकील उठतील. कुणी उठेना. शेवटी मीच उठलो. मागं खुर्ची धाडकन पडली आणि सगळे वळले.

"मी करीन," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "मला भाषण येत नाही. पण माझे वडील पाठ सोलवटून गेले आणि ही गादी इथं होती. आम्हाला कळलंच नाही. हॉस्पिटलला देऊन टाकलं तर हॉस्पिटलात आहे त्याला मिळेल. घरी पडलाय त्याचं काय? टेम्पो माझा आहे. फोन मी घेईन. उचलायला कुणी नसलं तर दारोदार जाऊन माणूस आणीन. पण बंद करू नका."

देशमाने साहेबांनी समोरचा कागद उलटा केला. "एक वर्ष बघू," ते म्हणाले. हात वर झाले आणि केंद्र राहिलं.

मला वाटलं, बाई शाबासकी देतील. अंगणात ब्रश हातात देताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी उठताना खुर्ची धरा. क्लबाची आहे."

पुढं काही दिवसांनी लेलेकाकांचा फोन आला. "बागवानबाई, पलंग घेऊन जा. कुणाला तरी लागत असेल. आणि पेरू आणू नका. मला दात नाहीत. दर वेळी सांगायचं राहून जातं." पलंग दारातून काढताना एक बाजू त्यांनी स्वतः धरली होती. त्यानंतर ते दर गुरुवारी यायला लागले, आणि आम्ही धुतलेल्या सामानावर कुठं साबण राहिलाय ते दाखवायला लागले.

वर्ष झालं, दुसरं झालं. ठराव पुन्हा कुणी काढला नाही. फोन मी घेत होतो, पण प्रत्येक फोननंतर बाईंना विचारल्याशिवाय मला चैन पडत नसे. त्या वैतागायच्या, "मला विचारून तुम्ही दर वेळी तेच करता जे आधी ठरवलेलं असतं. मग माझी झोप का मोडता?"

एका सकाळी दुकानात सीताफळं निवडता निवडता बाई गेल्या. आजारपण नाही, काही नाही. मुलाला म्हणाल्या, "हे अजून दडस आहे, पिकायला वेगळं ठेव," आणि तशाच मागं टेकल्या.

त्या गुरुवारी शोकसभा होती. टेबलावर बाईंचा फोटो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. देशमाने साहेब बोलायला उभे राहिले, हातात लिहून आणलेलं भाषण. तेवढ्यात माझ्या खिशात केंद्राचा फोन थरथरला. मी बाहेर अंगणात गेलो. एका मुलीचा आवाज होता. आईला आत्ताच घरी सोडतायत, शुक्रवार पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पलंग मिळेल का? मी सवयीनं "मिळेल" म्हणून बसलो आणि मग बाईंना विचारायला वळलो. विचारायला कुणी नव्हतं.

आत गेलो. देशमाने साहेबांच्या कानाशी लागलो, "साहेब, माफ करा. मला निघायला लागतंय. पलंग पोचवायचाय."

"बरोबर कोण आहे?"

"बघतो कुणीतरी."

साहेबांनी फोटोकडे बघितलं, भाषण घडी घालून खिशात टाकलं आणि पहिल्या रांगेतल्या लेलेकाकांना म्हणाले, "पुढं तुम्ही बोला." मग बाह्या दुमडत माझ्या मागून अंगणात आले.

तो जिना अरुंद होता. साहेब वरच्या बाजूला, उलटे चढत होते, मी खाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सांगाडा कठड्यात अडकला. साहेबांच्या पांढऱ्या झब्ब्याला गंज लागला, एका बोटाला खरचटलं. मी म्हटलं, "साहेब, टेकवू या का?" ते म्हणाले, "टेकवला तर मी पुन्हा उचलणार नाही. तिरका करा." आम्ही तो तिरका केला, सोडवला, आणि वर नेला.

मुलगी दारात उभी होती. विशी-बाविशीची असेल. आतून तिच्या आईचं कण्हणं ऐकू येत होतं. पलंग खोलीत लागल्यावर ती चाचरत म्हणाली, "काका, किती दिवस ठेवता येईल हा?"

मी तोंड उघडलं होतं. पण देशमाने साहेबांनी भिंतीला हात टेकून श्वास घेतला आणि माझ्याआधी उत्तर दिलं.

"लागेल तोपर्यंत."