तुमसरच्या ज्युरीला दोघं जाणार होतो

नागपूर स्टेशन आलं तशी मी समोरच्या बाकावर अनंत सरांसाठी पिशवी ठेवून जागा धरली. गाडी बराच वेळ उभी होती. चहावाला येऊन गेला, संत्रा बर्फीवाला येऊन गेला, सर काही आले नाहीत. गाडी हलल्यावर त्यांचा फोन आला.

"अहो, कॉलेजात अचानक मीटिंग लागली. तुम्ही व्हा पुढे. मी व्हिडिओवर बसतो, आजकाल काय अडतंय?"

सर ज्या सहजतेने हे बोलले, त्याचा राग आला.

आम्ही इंटिरियर डिझाइन शिकवणारे मास्तर लोक. राज्यभर विखुरलेले, पण आमचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे वर्षाकाठी एक मेळावा आणि बाकी वेळ व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यात एक चांगली पद्धत आहे. वर्षाच्या शेवटी एकमेकांच्या कॉलेजात ज्युरीला जायचं, म्हणजे बाहेरच्या दोन शिक्षकांनी मुलांची कामं बघायची, प्रश्न विचारायचे. तेवढा वेळ यजमान शिक्षकाने मागे बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही, पक्षपात नको म्हणून. पुण्यामुंबईच्या ज्युरीला ग्रुपवर हौशींची झुंबड उडते. तुमसरला जायला यंदा फक्त दोघं तयार झालो होतो, नाशिकहून मी आणि नागपूरहून अनंत सर.

तुमसरला उज्ज्वला एकटीच्या बळावर हा दोन वर्षांचा कोर्स चालवते. संस्थेच्या अध्यक्षांनी तिला बजावलं होतं, बाहेरचे शिक्षक काम चांगलं म्हणाले तर कोर्स राहील, नाहीतर बंद. बंद झाला तर पहिल्या वर्षाच्या तिच्या मुली अर्ध्यावरच लटकणार होत्या. हे अनंत सरांनाही चांगलं ठाऊक होतं.

मी भंडारा रोडलाच उतरले, कारण वाटेत एक घर दाखवायचं असं उज्ज्वलाच्या मनात होतं. तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती स्कूटर घेऊन उभी होती. माझ्या मागे कोणी नाही हे तिने पाहिलं आणि काही न विचारता माझी बॅग पुढे ठेवून घेतली.

सकाळीच ऊन भाजत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं, मध्येच एखादी बोडी (शेतातलं छोटं तळं), तिच्या तळाला चिखलभर पाणी. मोहाडीच्या अलीकडे स्कूटर पंक्चर झाली. दुकान सापडेपर्यंत आम्ही दोघींनी ती ढकलत नेली. घामाने माझी ज्युरीसाठी मुद्दाम नेसलेली कोशाची साडी पाठीला चिकटली.

घर होतं आंधळगावात, तिच्या प्रणाली नावाच्या विद्यार्थिनीचं. प्रणाली कॉलेजात पुढे गेली होती, तिचे वडील हातमागावर विणत होते. समोरची खोली सगळी मागाने व्यापलेली. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडून पावड्या (पायाने चालवायच्या पट्ट्या) दाबतो. सगळं घर त्या खड्ड्याच्या कडेकडेने वावरतं.

"बसा जी म्याडम, पाय सोडून पाहा," ते म्हणाले. मी बसले. खड्ड्यातला गारवा पायांना बरा वाटला.

"पोरीनं याच खोलीचं चित्र काढलं म्हणते," ते म्हणाले. "पास होते का जी? सोयरे लग्नाच्या मांगं लागले आहेत. पन मी म्हणलं, शिक्शन पुरं होऊ द्या."

मी त्यांना काम पाहून सांगते म्हटलं. उज्ज्वला दारात उभी राहून ऐकत होती.

तुमसरमध्ये शिरलं की राइस मिलचा आवाज आणि कोंड्याचा वास एकदमच येतो. कॉलेज बाजाराजवळ, वर्ग वरच्या मजल्यावर. मुलींनी ड्रॉइंग्ज भिंतीवर लावून ओढणीने पुसली होती, तरी त्यांच्यावर बारीक धूळ बसलीच होती. अध्यक्ष पहिल्या खुर्चीत बसले. उज्ज्वला शेवटच्या बाकावर गेली. पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन उभा केला आणि त्यात अनंत सर दिसू लागले. त्यांच्या मागे गाडीची सीट होती आणि खांद्यावर सीटबेल्ट.

पहिल्या काही मुलींना सरांनी "छान, छान" म्हणून पुढे ढकललं. मग प्रणाली उभी राहिली. मागाला उत्तरेचा उजेड मिळावा म्हणून तिने खिडकी हलवली होती, सुताच्या लडी छताखाली चढवल्या होत्या, आजीच्या झोपण्याची जागा खड्ड्यापासून लांब केली होती. घर सकाळीच पाहिल्यामुळे मला तिचं काम वाचता येत होतं. पोरीने फार विचार केला होता.

"थांबा, हा सेक्शन दाखवा," घराचा उभा छेद दिसताच फोनमधून सर म्हणाले. "जमिनीची रेघ मध्येच खाली कशी गेली? लेव्हलच चुकलीय."

"सर, तो मागाचा..."

"बेटा, ज्युरीत ड्रॉइंग बोललं पाहिजे, तू नाही."

हे वाक्य आम्ही सगळेच ज्युरीत टाकत असतो. प्रणालीने ड्रॉइंगवरचं बोट खाली घेतलं.

"सर, तो खड्डामाग आहे. मी ते घर बघून आलेय," मी म्हणाले. पण सरांचं तोंड उघडं असतानाच चित्र गोठलं होतं. मी मागे वळून उज्ज्वलाकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. थोड्या वेळाने नुसता आवाज आला, "एकंदरीत कच्चं आहे हो, पाया पक्का नाही," आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला, लागला नाही.

मी फळ्यावर माग काढून दाखवला. खड्डा, बैठक, उजेड, सगळं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या भागात माग आहेत, मले मालूम आहे," ते म्हणाले. "पन नागपूरवाले सर कच्चं म्हणून राहिले, तुमी चांगलं म्हणता. तुमी इतक्या दुरून आल्या, तुमी वाईट कायले म्हणान? ते जवळचे, खरं ते बोलले." मग उठता उठता म्हणाले, "औंदापासून बंद करून टाकू. एका वर्गासाठी मास्तरीन कायले ठेवाची?"

जिन्यात मी उज्ज्वलावर चिडले. "एक वाक्य बोलायचं होतंस!"

"आपलाच नियम ना, ताई. मी बोलली असती तं म्हणले असते, बाई आपल्या पोरींची बाजू घेऊन राहिली."

तिच्या घरी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण होतं. दोघींनी ताटात बोटं फिरवली. प्रणालीच्या वडिलांना काय सांगायचं हा प्रश्न तसाच राहिला.

तुमसर रोडच्या फलाटावर मी ग्रुपवर अनंत सरांची खरडपट्टी लिहायला घेतली. उज्ज्वलाने माझा हात धरला.

"नका लिहू, ताई. माह्या पोरींले दुसऱ्या वर्षाले कोठी ना कोठी घ्या लागते. घेतीन तं हेच लोकं घेतीन."

मी लिहिलेलं पुसलं आणि या मुलींना दुसऱ्या वर्षाला घ्या, अशी गोडीत विनंती टाकली. नागपूर येईपर्यंत सरांनी ज्युरीचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'तुमसरच्या ज्युरीत सहभागी होता आलं. असंच सहकार्य वाढो.' टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. माझी विनंती वर सरकत दिसेनाशी झाली.

नाशिकला आल्यावर मी आमच्या प्राचार्यांना गाठलं. मध्येच प्रवेश देता येत नाही, म्हणाले. मग एकेका सहकाऱ्याला फोन केले. सगळे प्रेमाने बोलले, काहींना खरंच वाईट वाटलं, आणि कोणीही मुली घेतल्या नाहीत. कित्येक वर्षं मी या लोकांना आपली माणसं म्हणत आलेय. अजूनही म्हणते, पण आता म्हणताना लाज वाटते.

शेवटी उज्ज्वलाला फोन करून सांगावंच लागलं.

"बरं, ताई," ती म्हणाली. "प्रणालीले पाहाले पाहुणे येऊन गेले. बापानं हो म्हणलं."

मग ती म्हणाली, "एक विचारू का, ताई? मी आता शिकवत नाही. मंग ग्रुपात राहिली तं चालते का?"

"राहा," मी म्हणाले.