एकाच लॉटच्या दोन डिस्क

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या देशपांडेकाकांच्या फोनमधल्या फोटोंसारखे! काका कधीच काही डिलीट करत नाहीत. नातवाचे फोटो, गळक्या नळाचे फोटो, लोकांच्या लग्नपत्रिका, पाच जणांकडून आलेलं तेच ते 'सुप्रभात', सगळं जपून ठेवलेलं. "पुसलेलं परत येत नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचा फोन रोज सकाळी 'स्टोरेज फुल' म्हणून ओरडतो आणि काका त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करतात.

आमचं टोळकं तसं लहान. चेन्नईजवळच्या तांबरमची एकच बिल्डिंग. तळमजल्यावर काका आणि वसुधाकाकू. काका संरक्षण खात्याच्या कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले, पण इन्स्पेक्शनमधून काही रिटायर झाले नाहीत. काकूंनी केलेल्या इडल्यासुद्धा ते उलटून बघतात. वरच्या मजल्यावर रघू, तंजावरी मराठी घराण्यातला, ओरगडमच्या एका मोटार कारखान्यात पर्चेसला. त्याची आई, जिला सगळी बिल्डिंग 'अम्मा' म्हणते. आणि मी सुनीता, बँकेच्या बदलीने साताऱ्याहून इथे आले आणि रस्सम-भाताला लागून इथलीच झाले.

*

सगळं सुरू झालं ते वेट ग्राइंडरपासून.

अम्माकडे गोष्टींचा खजिना आहे. राजाच्या, राणीच्या, लबाड मंत्र्याच्या, त्याही जुन्या तंजावरी मराठीत. रघूची मुलगी तमिळ आणि इंग्रजीत वाढलेली. तिला मराठी काय ती आजीच्या गोष्टींपुरती. म्हणून रघू त्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवत होता. एका सकाळी अम्मा डोशाचं पीठ वाटता वाटता सांगत होती, रघूने फोन नीट जवळ धरला, आणि फोन थेट उडदात!

दुरुस्तीवाल्याने निम्म्या गोष्टी कशाबशा वाचवल्या. उरलेल्या परत सांग म्हटलं तर अम्माने चक्क हात झटकले.

"एकदां सांगलें तें सांगलें. परत तेंच वाढायचं म्हणजे उष्टं की रे!"

उष्ट्याच्या बाबतीत अम्मापुढे ब्रह्मदेवाचंही चालत नाही. वाचलेल्या गोष्टी आता कुठे ठेवायच्या, यावर काकूंकडे कॉफीवर बैठक बसली. मी म्हटलं, इंटरनेटवर ठेवू. काका उसळले, "आपला माल परक्याच्या गोदामात? आपण घरीच सर्व्हर बांधायचा!" त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर पडून होता. फक्त त्यात दोन हार्ड डिस्क घालायच्या. दोन्हींवर तेच ते लिहिलं जाणार, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच.

रघूच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि थाप मारता मारता शर्टाची शिवण तपासली.

*

डिस्क घ्यायला आम्ही सगळे रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात गेलो. काकांनी दुकानात शिरताच खिशातून व्हर्निअर काढला. डिस्कची लांबी मोजली, रुंदी मोजली, जाडी तीन ठिकाणी मोजली. मग डिस्क कानाशी धरून टिचकी मारली, नारळ घेतात तशी.

दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी अदबीने म्हणाला, "सार, तुम्हाला टेराबाइट पाहिजेत की मिलिमीटर?"

तिकडे रघूचं पर्चेस चालू झालेलं. त्याने तीन दुकानांची कोटेशन आणली आणि दुकानदाराला विचारलं, "माल वेळेवर आला नाही, तर आमची लाइन थांबेल. जबाबदारी कुणाची?"

"लाइन कुठली, सार?"

"आमची अम्मा," रघू म्हणाला.

*

डिस्कचे प्रकारही किती! ही साध्या कॉम्प्युटरची, ही सर्व्हरची, ही सीसीटीव्हीची. काकूंना सीसीटीव्हीची आवडली, स्वस्त होती म्हणून. दुकानदार समजावू लागला, "मॅडम, ही दिवसरात्र नुसती लिहीत राहते. मध्ये काही चुकलं तर मागे वळून बघत नाही, पुढे जाते. रेकॉर्डिंगला बरी, पण जपून ठेवायच्या गोष्टींना नको."

काकूंनी काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नको. घरात एक आहे."

*

सर्व्हरची ठरली. दुकानदाराने दोन डिस्क काढल्या. काकांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्हींवरची लेबलं वाचली आणि गरजले, "रिजेक्ट! दोन्ही वेगवेगळ्या लॉटच्या आहेत!"

"सार, मुद्दाम दिल्या. एका लॉटमध्ये खोट असली तर दोन्हींत असते. दोन्ही एकदमच जातात."

"मी जन्मभर लॉट पास केलेत! एका गाडीला दोन लॉटचे बोल्ट लावले तर माझ्या साहेबाने मला फासावर दिलं असतं!"

रघूही मान डोलवायला लागला, "सार करेक्ट. आमच्याकडे पण एकाच लॉटचं घेतात." कारखान्यातले दोघे एक झाल्यावर बँकेचं कोण ऐकणार? तरी मी बोलले, "काका, आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. त्यांनी एका स्कूटरवरून यायचं नाही, असा दंडक आहे."

"तुमची माणसं बिघडतात, सुनीता. लॉट बिघडत नाही!"

शेवटी एकाच लॉटच्या, अगदी पाठोपाठच्या नंबरांच्या दोन डिस्क निघाल्या. काकांनी त्या मांडीवर ठेवून, जुळी नातवंडं आणावीत तशा घरी आणल्या.

*

आता सर्व्हर ठेवायचा कुठे? काका जमिनीवर ठेवायला निघाले तर रघू किंचाळला, "सार, तांबरममध्ये तळमजल्यावर जमिनीवर? डिसेंबरच्या पुरात पोहायला शिकवणार काय त्याला?" म्हणून तो देवघरात वरच्या फळीवर गेला, पूर्वेच्या भिंतीला. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं. काकांनी पंख्याच्या जाळीत कुंकू गेलं म्हणून इन्स्पेक्शन रिपोर्ट दिला, तोंडी.

काही महिन्यांनी अम्माने देवघराबाहेर बसल्या बसल्या जाहीर केलं, "पल्ली बोलली! पूर्वेकडनं! शुभ आहे!"

पल्ली म्हणजे पाल. आपल्याकडे पाल चुकचुकली की आपण 'कृष्ण कृष्ण' म्हणून बोटं आपटतो. इथे मात्र पाल कुठल्या दिशेने बोलली त्याचं फळ पंचांगात छापलेलं असतं. अम्माची पाल रोज बोलायला लागली. टक् टक् टक्. पहिल्या दिवशी काकूंचा भाऊ अचानक येऊन थडकला, दुसऱ्या दिवशी रघूच्या प्रमोशनची बातमी आली. बिल्डिंगमधल्या बायका अम्माला विचारायला येऊ लागल्या, आज पल्ली काय म्हणते?

रविवारी मी गेले, कान दिला, फळीवर बघितलं. सर्व्हरचा लाल दिवा लागलेला!

"काका, ही पाल नाही, डिस्क आहे! मरायला टेकलीय!"

काका पांढरेफटक पडले. अम्माला समजावून सांगितलं की आवाज डिस्कचा होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असूं दे. प्रमोशन तर खरंच की!"

*

नवीन डिस्क आली, या वेळी काकांनी लॉटचा ल काढला नाही. आता वाचलेल्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. काकांनी त्या दिवशी देवघराला कारखान्याचे नियम लावले. आत फोन आणायचा नाही! आमचे सगळ्यांचे फोन दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर. आत फक्त इन्स्पेक्टरचा फोन. आम्ही फळीखाली दाटीवाटीने बसलो. अम्मा नेमकी उंबऱ्यापाशी, पाय लांब करून.

निम्मं काम उरकलं असेल नसेल. फळीवरून आवाज आला.

टक् टक् टक्.

कुणी कुणाकडे बघेना. दुसरी डिस्क. त्याच लॉटची! काका उठले, बटणं दाबली, परत परत दाबली. स्क्रीन काळा. गोष्टी गेल्या, वाचवलेल्यासुद्धा गेल्या. रघू भिंतीला टेकून बसला आणि एवढंच म्हणाला, "अस्की गेलं, सार. सगळं." काका अजून बटणंच दाबत होते. मला त्यांची इतकी दया आली की किल्ल्यांचा दंडक मी परत काढला नाही.

अम्माने लेकाच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग ताठ बसत म्हणाली, "पल्ली बोलली की नाही? कोण्या दिशेनं?"

रघू कसाबसा म्हणाला, "पूर्वेकडनं, अम्मा."

"मग शुभ आहे. सांगतें. ऐका." आणि तिने घसा साफ केला. "एक राजा होता. त्याच्या दारांत…"

"थांबा, अम्मा!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. फोन! पण फोन तर बाहेर, आणि मध्ये अम्मा. तिला ओलांडून कोण जाणार? सगळ्यांच्या नजरा काकांच्या खिशाकडे वळल्या. काकांनी फोन काढला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

स्टोरेज फुल!

काकांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा रघूकडे. मग चष्मा पुसला, मान खाली घातली आणि पुसायला सुरुवात केली. सुप्रभात. सुप्रभात. गळका नळ. कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. परत सुप्रभात. काकू डोळे विस्फारून बघत होत्या.

अम्मा मात्र कंटाळली.

"झालं काय रे पुसून?" ती म्हणाली. "माझा राजा केव्हाचा दारांत उभा आहे!"